तांबडा दिवा आणि आत्याचं नाक

माझ्या जुन्या मोटारीच्या पोटात हवा किती आणि पेट्रोल किती जातंय हे दाखवणारं यंत्र निवडताना मी तीन यंत्रांतलं चुकीचं निवडलं, आणि त्यापायी आत्या आणि बायको दोघींना मारता मारता राहिलो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गोष्ट सांगता सांगता मी स्वतःला हळूहळू शहाणा करत नेतो, अशी घरची तक्रार आहे.

नव्वद सालानंतरचे दिवस. रामनगरात माझं पंपसेटच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाचा पंप पाणी का ओढत नाही हे मी गादीवर बसल्या बसल्या सांगत असे आणि बऱ्याचदा ते बरोबर निघे. ज्यांच्या बाबतीत माझं चुकलं त्यांनी तोंडावर येऊन चार शब्द सुनावले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आमच्याकडची माणसं भिडस्त. ती गुपचूप दुसऱ्या दुकानात जात.

मोटार माझ्याही जन्माच्या आधीची. गोल पाठीची, बेडकासारखे डोळे असलेली. एका लाकूड ठेकेदाराच्या शेडमध्ये ती बरीच वर्षं पडून होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. मी ती विकत घेऊन दारात आणली तेव्हा बायको पदराने नाक झाकून म्हणाली, "अहो, ह्या खुराड्यातनं आपण जाणार कुठं?"

"दिग्गीला," मी म्हणालो. "तुझ्या आईकडं."

तिची आई म्हणजे माझी सख्खी आत्या. आमच्यात आत्याची मुलगी करतात, तशी मी केली. आत्या लग्न होऊन दिग्गीला गेली ती तिथलीच झाली. जंगलात चार वाफे भात, थोड्या सुपाऱ्या, आणि नवऱ्यामागे एकटीचा संसार. मी तिला आत्याच म्हणत असे, सासूबाई कधीच नाही. ती मला जावई मानत असे, पण फक्त जेवायला वाढताना. एरवी मी तिच्या भावाचा पोरगा, आणि भावाच्या पोराला शिव्या द्यायला आत्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आता भीतीकडे येतो, कारण यंत्र मी विकत घेतलं ते भीतीपोटीच.

एका दुपारी दांडेलीहून पंपांचे पट्टे घेऊन परत येत होतो. कुळगीच्या पुढे बांबूच्या बेटात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी बॉनेट उघडायला उतरणार तोच पंचवीस-तीस पावलांवर रस्त्याच्या कडेला एक गवा उभा दिसला. काळाभोर, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा. तो माझ्याकडे बघत होता. मी दार आतून ओढून घेतलं. हॉर्न वाजवावा तर तो बिथरेल, न वाजवावा तर जवळ येईल. किती वेळ तसा बसलो कोण जाणे. श्वाससुद्धा नाकाने घ्यावा की तोंडाने याचा विचार करत होतो. शेवटी गवाच कंटाळून गेला, आणि थंड झालेलं इंजिन पहिल्याच प्रयत्नात चालू झालं. घरी पोचलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. बायकोला मी सांगितलं, वाटेत गवा दिसला, मी गाडी थांबवून जरा बघत बसलो.

जोयड्यात जीपगाड्यांचा एक मेकॅनिक होता. त्याने इंजिनाचा प्लग काढून तळहातावर घेतला. प्लगचं टोक चुन्यासारखं पांढरं होतं.

"अण्णा, उपाशी हाय गाडी. हवा लई, पेट्रोल कमी. म्हणून तापती आन् मरती." त्याने कार्बुरेटरच्या बुडाशी असलेला पितळी नट पाव आटा फिरवला. "ह्यो खाली घेतला की पेट्रोल वाढतंय, वर घेतला की कमी. प्लग भाजल्या कुळथागत दिसला की समजायचं, पोट भरलं. मधनं मधनं काढून बघत जावा. एवढंच."

एवढंच, म्हणे. पण भित्र्या माणसाला मधनं मधनं पुरत नाही. त्याला संकट येण्याआधी सांगणारं काहीतरी सतत डोळ्यांसमोर हवं असतं. प्लग बघायचा तर गाडी थांबवून खाली उतरायला हवं, आणि खाली तर गवा.

म्हणून मी बेळगावला गेलो. तिथे मोटारींच्या सामानाचं एक जुनं दुकान होतं. म्हाताऱ्या दुकानदाराने काउंटरवर तीन वस्तू ठेवल्या. पहिली सुईची तबकडी, इंजिन हवा किती ओढतंय ते दाखवणारी. दुसरा काचेच्या डोक्याचा प्लग. तो बसवून आत पेटलेली ज्योत बघायची, निळी म्हणजे बरोबर, पिवळी म्हणजे पेट्रोल जास्त. तिसरी एक काळी डबी, तिच्यावर बारक्या दिव्यांची ओळ. तिची वायर धुराच्या नळीत बसवायच्या एका नळकांडीला जोडायची. नळकांडी धूर चाखते आणि डबी दिवे लावते. तांबडा म्हणजे पेट्रोल कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जास्त. परदेशातून आलेली वस्तू होती. कुणीतरी मागवली होती आणि न्यायलाच आला नव्हता.

"सुईचं न्या," म्हातारा म्हणाला. "साधं हाय, टिकंल."

"सुईचं तर आमच्या पंपालाही असतं," मी म्हणालो.

"मग काचेचा प्लग न्या. डोळ्यांनी ज्योत दिसती."

"चालत्या गाडीत दिसती?"

"न्हाई, उभी करून बघायची."

पुन्हा उभी! मी डबीवर बोट ठेवलं. म्हाताऱ्याने चष्म्यावरून बघत विचारलं, "पेट्रोल कसलं घालताय?"

"पेट्रोल म्हणजे पेट्रोल. कसलं काय?"

तो आणखी काही बोलणार होता, पण मी पाकीट काढलं होतं. पाकीट काढलेल्या गिऱ्हाइकाला कोण अडवतं? डबीबरोबर घडी घातलेला एक कागद होता, बारीक इंग्रजी अक्षरांचा. दुकानातल्या माझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याच्याखाली तो अगदी बेतून बसवल्यासारखा बसला.

नळकांडी बसवायला धुराच्या नळीला भोक पाडून तिथे वेल्डिंग करायला हवं होतं. मेकॅनिक खूप वेळ नळीखाली उताणा पडून राहिला. मग पडल्या पडल्याच म्हणाला, "धड हाय नळी. धड वस्तूला भोक पाडायचं पाप माझ्या हातनं कशाला, अण्णा? आन् पुढं जागा न्हाई. मागच्या शिटाखाली येतंय भोक."

"कुठं का येईना, पाड."

"पायाखालचा पत्राबी गंजलाय मागं."

"त्याच्यावर काथ्या टाकतो मी. तू पाड."

त्याने पाडलं. मी पत्र्यावर काथ्याची चटई अंथरली आणि बेळगाव जिंकून आलेल्या राजासारखा रामनगरात फिरलो. पहिले काही आठवडे हिरवा दिवा लागत असे. रस्त्यावर कुणी हात केला की मी थांबून त्याला आधी दिवा दाखवी आणि मग गाडीत घेई. पुढे कधीतरी तांबडा लागायला लागला. तांबडा दिसला की माझ्या पोटात कुळगीचा गवा उभा राही. मी उतरून नट थोडा खाली घेई. दोन दिवस बरे जात, की परत तांबडा. परत नट. बायको म्हणे, "अहो, तुमच्या कपड्यांना रॉकेलच्या स्टोव्हागत वास येतोय." मी म्हणे, "यंत्र नवीन आहे, सुरुवातीला येतो." मागून काळा धूर निघतो हे सगळ्या रामनगरला दिसत होतं. पण धूर गाडीच्या मागे, मी पुढे, आणि माझे डोळे डबीवर.

त्या हिवाळ्यात जोयड्याच्या शाळेत मोतीबिंदूचं शिबिर भरणार होतं. आत्याला दोन्ही डोळ्यांनी धुकं दिसायला लागलं होतं. आदल्या महिन्यात तिने चुलीवरचं भगोणं समजून पेटत्या लाकडाला हात घातला होता. एकटी बाई, आजूबाजूला जंगल, आणि दिसत नाही. बायको रात्र रात्र तळमळत असे. ही खेप हुकली तर परत शिबिर कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. यादीत नाव लागलं होतं. दुपारच्या आत पोचायचं होतं आणि दिग्गीच्या एस्टीचा भरवसा नव्हता.

"मी आणतो," मी छाती काढून म्हणालो.

आम्ही दोघं आदल्या दिवशीच दिग्गीत जाऊन राहिलो. सकाळी चांगलंच हीव होतं. आत्या कांबळं पांघरून अंगणात आली, मी गाडी चालू केली, आणि ती जागीच थांबली. तोंड वर करून तिने दोनदा हुंगलं.

"चुलीचं तोंड बुजलंय रे तुझ्या."

"काय?"

"वारा न्हाई जात आत. लाकडं कोंबून तोंड बुजवल्यावर चूल अशीच धुमसती. डोळ्यांत पाणी आलं बघ माझ्या."

मी हसलो. "आत्ये, ह्याला दिवा आहे. काय कमी, काय जास्त, तो दाखवतो. आत्ता तांबडा आहे, म्हणजे पेट्रोल कमी. तू म्हणतीस त्याच्या बरोब्बर उलटं."

"मला न्हाई दिसत दिवा," ती म्हणाली आणि चाचपडत मागच्या सीटवर बसली. शेजारी बायको.

वाटेत दिवा तांबडाच राहिला. मी एकदा उतरून नट खाली घेतला. पुढे थोड्या अंतरावर परत उतरलो, तर पायाशीच गव्याचं शेण. ताजं, वाफ निघत असलेलं. दोन्ही बाजूंना गच्च रान, पानसुद्धा हलत नव्हतं. कसाबसा नट फिरवून आत उडी मारली.

"काचा वर घ्या!"

"अहो, डोकं जड झालंय माझं," बायको म्हणाली. "जरा उघडी राहू दे की."

"वळणांनी होतंय. वर घे म्हणतो ना! गवा आहे इथं."

तिने काच वर घेतली. माझ्या दाराची काच मात्र चार बोटं खालीच राहत असे, तिचं हँडल तुटलं होतं. तेवढी फट मला अंगाएवढी मोठी वाटत होती. मी उजवा खांदा चोरून, डावीकडे झुकून गाडी चालवत होतो आणि झाडांमधलं प्रत्येक काळं खोड गवा दिसत होतं. मागे दोघी गप्प झाल्या. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, यंत्राने गाडी इतकी मऊ चाललीय की झोप लागली बिचाऱ्यांना.

हे वाक्य आजही मला कधीकधी जेवताना आठवतं आणि घास तोंडातच फिरतो.

एका चढावर इंजिन गुदमरलं, दोन हिसके देऊन बंद पडलं. सगळं एकदम शांत. डबीवर तांबडा दिवा. मी रानावरून नजर न काढता हळू आवाजात म्हणालो, "घाबरू नका. कुणी हलू नका. होईल चालू."

कुणीच हललं नाही. कुणी हूं सुद्धा म्हणालं नाही.

मी मागे वळलो. बायकोचं डोकं काचेला टेकलं होतं, तोंड उघडं. आत्या तिच्या मांडीवर कलंडली होती आणि तिचा भाजलेला हात खाली काथ्यावर लोंबत होता. मी हाक मारली. परत मारली. बायकोचा खांदा हलवला, तर मान दुसरीकडे पडली. माझंही डोकं ठणकत होतं, ते मला तेव्हा कळलं. आणि चटईच्या कडेने वर येणारी काळसर धुराची रेघ दिसली.

त्यानंतर गवा कुठं होता, वाघ होता का, मला माहीत नाही. मी चारी दारं उघडली. बायकोला काखेत हात घालून ओढत बाहेर काढलं आणि पाचोळ्यावर निजवलं. आत्याला उचललं. एवढीशी हलकी होती. लहानपणी हिने मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला होता, आणि आता मी तिला उचलून कुठं ठेवू हे मला कळत नव्हतं. बायको कण्हली, कुशीवर झाली आणि भडभडून ओकली. तिने डोळे उघडून पहिल्यांदा विचारलं, "आई?"

आई डोळे उघडत नव्हती.

मी तिचे तळपाय चोळले, गालावर चापट्या मारल्या. छाती हलतेय का बघत होतो आणि मलाच इतकी धाप लागली होती की तिची हलतेय की माझी, ते समजेना. बायको रांगत आली. ती ओरडली नाही, रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली. इतकी भीती मला कुठल्या जनावराची वाटली नाही. मी देवाला नवस बोलायला लागलो. एक नारळ म्हटलं, पाच म्हटले, मग मोटार विकेन म्हटलं. ते मात्र पुढे मी पाळलं नाही, हे इथेच कबूल करतो.

किती वेळ गेला ते माहीत नाही. आत्या खोकली. अंगातून काहीतरी उपटून काढल्यासारखी खोकली. मग डोळे मिटलेलेच ठेवून खोल गेलेल्या आवाजात तिने विचारलं, "चूल इझली का?"

"विझली, आत्ये."

"बरं झालं. जास्त येळ धुमसली असती तर मेलो असतो."

मी रस्त्याच्या मधोमध बसून लहान पोरासारखा रडलो.

पण तिथे बसून चालणार नव्हतं. पायी कुठलंच गाव जवळ नव्हतं, दोघींना धड उभं राहवत नव्हतं, आणि एखादी जीप येईल तर येईल. मी प्लग काढले. चारही काजळीने भरलेले, तव्याच्या बुडासारखे काळे. कुळथाचा रंग कुठल्या कुठे. गाडी उपाशी नव्हती, पेट्रोलने तट्ट फुगून मेली होती. मी प्लग तारेने खरवडले, पुसले, बसवले. आता नट वर घ्यायचा, पण किती? डबी तर अजून तांबडीच. तिच्यावर मी टोपी टाकली.

"चालू कर," आत्या म्हणाली. ती लांब एका दगडाला टेकून वाऱ्याकडे तोंड करून बसली होती.

"आई, आता त्या धुराजवळ नको!" बायको म्हणाली.

"जवळ कशाला? हितनं येतोय की वास. फिरीव रे."

मी नट वर घेतला.

"अजून बुजलंय."

आणखी घेतला.

"अजून. डोळं चुरचुरत्यात."

आणखी थोडा.

तिने मान वाकडी करून हुंगलं. "आता लागला वारा. बस कर. हात काढ."

इंजिन असं चाललं की मी ते आधी कधी ऐकलं नव्हतं. नळीच्या भोकाभोवतालचं वेल्डिंग तडकलं होतं. त्यावर मी चिंधी आणि तार गुंडाळली, चारी काचा पार खाली केल्या, आणि त्या हिवात दात वाजवत, तोंडं बाहेर काढून आम्ही जोयड्याला निघालो.

असं का झालं ते मला दोन दिवसांनी कळलं. टेबलाच्या पायाखालचा कागद मी शाळेतल्या एका इंग्रजीच्या मास्तरांकडून वाचून घेतला. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं घालत, आणि शिशाने ती नळकांडी हळूहळू निकामी होते, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. निकामी झाली की ती कायम पेट्रोल कमीच दाखवणार. मेकॅनिकने ती काढून हातात घेतली आणि म्हणाला, "मेली हुती अण्णा ही. मेलेल्याला वाट इचारत हुता तुमी." इंजिनात पेट्रोल कोंबलं की धुरातलं विष वाढतं आणि त्या विषाला स्वतःचा वास नसतो, हेही मास्तरांनी सांगितलं. आत्याला आला तो कच्च्या पेट्रोलचा आणि काजळीचा वास. विष त्याच्या मागून गुपचूप चालत आलं होतं.

पण हे नंतर. त्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि शाळेच्या व्हरांड्यातली रांग संपत आली होती. यादीवाल्या बाईंनी आत्याचं नाव खोडायला पेन उचललं होतं. बायकोने अक्षरशः त्यांचा हात धरला. डॉक्टरांनी आत्याला तपासलं, नाडी बघितली, आणि आज नको म्हणाले. आज रात्री इथेच राहा, उद्या सकाळी पहिल्यांदा तुमचं ऑपरेशन. बायकोने भिंतीला पाठ टेकली आणि तिथंच खाली बसली. त्या सकाळपासून ती तेव्हा पहिल्यांदा रडली.

डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "आजी, इतका दम कशानं लागला? वाटेत काय झालं?"

मी पुढे सरसावलो. "डॉक्टर, त्याचं असं झालं, गाडीत एक यंत्र आहे..."

आत्याने भाजलेला हात वर करून मला थांबवलं आणि आवाजाच्या रोखाने डॉक्टरांकडे तोंड केलं.

"डोळ्यांचं शिबिर भरवताय, तसं एकदा नाकाचं भरवा की, डाक्तर. ह्याचं नाव पयलं लिवा."